आराखड्यातून गाळलेले मूल : सीमाभागाच्या नियोजनकर्त्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी भागातील पंचायतींचे व नगरसंस्थांचे वार्षिक आराखडे तयार करणारे, मंजूर करणारे आणि त्यांवर सही करणारे महाशय

विषय : सहा वर्षांखालचे मूल आराखड्यातून गाळल्याबद्दल जाब

महाशय,

मायन्यात 'आदरणीय' हा शब्द घातलेला नाही. आदर कामाने मिळतो. सीमाभागातल्या तान्ह्या मुलांसाठी तुम्ही काय केले हे शोधायला गेले की आराखड्यात कोरी जागा सापडते, आणि कोऱ्या जागेला मान देण्याची पद्धत आमच्याकडे नाही.

आधीच सांगतो, हे पत्र सरसकट सगळ्यांना नाही. ज्या पंचायतीच्या आराखड्यात पाळणाघरासाठी दरवर्षी पैसा धरला जातो आणि मुले सांभाळणाऱ्या बायकांची मजुरी महिन्याच्या महिन्याला हातात पडते, त्या पंचायतीने हे पत्र घडी करून बाजूला ठेवावे. तिचे आभार वेगळे मानू. बाकीच्यांनी शेवटपर्यंत वाचावे. तुम्ही कोण हे तुम्हाला चांगले ठाऊक आहे.

गल्लीतल्या गटाराची लांबी तुम्ही मीटरमध्ये सांगता. पेव्हर ब्लॉकचा दर तुम्हाला तोंडपाठ असतो. पथदिव्यांचे खांब तुमच्याकडे क्रमांकासह नोंदलेले असतात. त्याच गल्लीत तीन वर्षांखालची मुले किती, त्यांच्यातल्या किती जणांची आई सकाळी आठला घर सोडते आणि किती वाजता परतते, हे विचारले की तुम्ही अंगणवाडीकडे बोट दाखवता. अंगणवाडी सेविका बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे (सीडीपीओकडे) बोट दाखवते, सीडीपीओ बेंगळूरकडे, बेंगळूर दिल्लीकडे. बोट फिरून परत येईपर्यंत मूल पहिलीत जाते आणि तुमच्यापुरता प्रश्न मिटतो.

हे आमचे काम नाही, असे म्हणण्याची सोय कायद्याने तुम्हाला ठेवलेली नाही. 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये अमलात आली. तिने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे 29 विषय आहेत आणि त्यांतला 25 वा विषय महिला व बालविकास आहे. त्याच वर्षी कर्नाटकाचा पंचायत राज कायदा आला. अलीकडे केंद्राने पंचायतींच्या नियोजनासाठी नऊ संकल्पना ठरवून दिल्या, त्यांतली एक 'बालस्नेही गाव' ही आहे. कर्नाटकाने तर 2006 मध्येच मुलांची वेगळी ग्रामसभा, 'मक्कळ ग्रामसभा', घेण्याचा आदेश काढला. त्या सभेत शाळकरी मुले शौचालय मागतात, मैदान मागतात, आणि ते योग्यच आहे. दीड वर्षाच्या बाळाच्या वतीने बोलणारे मात्र तिथेही कुणी नसते. त्याची आई त्या वेळी कामावर असते.

ती काय काम करते, हे सांगायला हवे. कारण या भागातल्या बाईचे काम तुम्हाला रोज दिसते, पण तुमच्या कागदावर ते कधी उतरत नाही.

निपाणीची ओळख तंबाखूने केली. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी इथे महामार्ग अडवला, गोळीबार झाला, माणसे गेली आणि देशाला निपाणीचे नाव कळले. वखारींत राबणाऱ्या बायकांनीही त्याच सुमाराला संघटना बांधली. 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने 1982 मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. शेतकऱ्याचा भाव चर्चेत आला, बाईची मजुरी चर्चेत आली. बाई वखारीत असताना तिचे मूल कुठे होते, हा प्रश्न तेव्हाही मागे राहिला आणि आज चार दशकांनंतरही तो तुमच्या टेबलावर आलेला नाही.

विड्या वळणारी बाई घरातच असते, मग तिला पाळणाघर कशाला, असा तुमचा समज आहे. तो समज घेऊन एकदा विडी कामगारांच्या वस्तीत दिवसभर बसा. विडीची मजुरी हजारी, म्हणजे दर हजार विड्यांमागे असते. बाळ रडले, आई उठली, की हजार भरायला उशीर होतो. दर वेळी मांडीवरचे सूप खाली ठेवायचे, हात धुवायचे, मुलाला घ्यायचे आणि मग पुन्हा वळायला बसायचे. हात न धुता घेतले तर तंबाखूची भुकटी मुलाच्या अंगावर जाते. खोली एकच, पाळणा तिथेच आणि जर्दाही तिथेच. घरी असणे म्हणजे मुलाकडे लक्ष देता येणे असे नव्हे. नगावर मजुरी घेणाऱ्या बाईला मुलाकडे दिलेली प्रत्येक घटका कमाईतून वजा करावी लागते.

कायद्याने तिचा विचार केला होता, पण अर्धाच. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने ठरावीक संख्येहून जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्यात मुलांसाठी खोली सक्तीची केली. पुढे काम घराघरांत वाटले गेले आणि ती सक्ती कारखान्याच्या दाराशीच राहिली. विडी कामगारांच्या कल्याणासाठी 1976 च्या कायद्याने विडीवर उपकर बसवला. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा तो उपकरही रद्द झाला. मालकाची जबाबदारी गेली आणि उपकराचा आधारही गेला. आता त्या बाईच्या दारापाशी सरकारची म्हणून उरलेली सगळ्यात जवळची संस्था म्हणजे तुम्ही. जबाबदारी सरकत सरकत तुमच्यापर्यंत आली आणि तुम्ही ती गटाराच्या कामाखाली दडपून टाकली.

विडीची बाई एकटी नाही. ऊस तोडणारी बाई उजाडायच्या आत फडात पोचते. मुलाला बांधावर, कापडाच्या झोळीत ठेवते. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबागमध्ये मागावर काम करणारी बाई यंत्रांच्या खडखडाटात मूल झोपवते. उद्यमबाग आणि मच्छेकडे कामाला जाणारी, धुणीभांडी करणारी, भाजीची पाटी घेऊन बसणारी, सगळ्यांचा प्रश्न एकच. उत्तरही बहुतेक घरांत एकच सापडते: थोरली मुलगी. ती शाळा बुडवून धाकट्याला सांभाळते. तुमच्या शिक्षण समितीच्या बैठकीत मुलींच्या गळतीवर चिंता व्यक्त होते तेव्हा त्या गळतीचे एक मोठे कारण तुमच्याच आराखड्यात दडलेले असते. पाळणाघराचा खर्च तुम्ही वाचवला आणि तो नऊ वर्षांच्या मुलीकडून वसूल केला.

आता अंगणवाडीबद्दल. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. कर्नाटकात आज 65 हजारांहून जास्त अंगणवाड्या आहेत आणि सेविका व मदतनीस तुटपुंज्या मानधनावर जे करतात त्याला तोड नाही. पण अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे, हे समजायला सही करणाऱ्याने एवढा वेळ घ्यायला नको होता. अंगणवाडीत बसायला येते ते तीन ते सहा वर्षांचे मूल. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाच्या वाट्याला घरी नेण्याचा शिधा येतो. तो शिजवून चमच्याचमच्याने भरवायला घरात माणूस हवा, हे पुढे कुणी पाहत नाही. अंगणवाडी साडेनऊला उघडते, मजुरीची बाई त्याआधी निघून गेलेली असते. सेविकेच्या मागे पोषण ट्रॅकर आहे, मतदार यादी आहे, सर्वेक्षणे आहेत. तिच्याकडून आणखी दहा तान्ही मुले सांभाळण्याची अपेक्षा करणे हा अन्याय आहे.

या वयाचे महत्त्व आकड्यांत पाहायचे असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी उघडा. कर्नाटकात पाच वर्षांखालची 35.4 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत आणि 32.9 टक्के वजनाने कमी. खुजेपणाची सुरुवात पहिल्या हजार दिवसांत होते. म्हणजे ज्या वयात मूल अंगणवाडीत बसत नाही, शाळेत नाही आणि तुमच्या आराखड्यातही नाही, नेमक्या त्या वयात. त्या मुलाला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खायला लागते. आई दोनदाच भरवू शकते, निघण्यापूर्वी आणि परतल्यावर. मधल्या वेळची भूक कोणत्याही शिध्याच्या पाकिटाने भागत नाही, ती माणसाच्या हातानेच भागते.

हे मराठी माणसाला नव्याने सांगायची गरज पडू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला 'विकासवाडी' म्हटले. धाकटे भावंड कडेवर असल्यामुळे मोठी मुलगी शाळेत येत नाही, तर धाकट्याचीही सोय तिथेच करायची, हा त्यामागचा विचार. दोन शिक्षिकांना तुटपुंज्या पैशांत जे कळले ते पाच-पाच अभियंत्यांनी तपासलेल्या तुमच्या आराखड्याला कळत नाही.

तुमचे पहिले उत्तर ठरलेले असते: पैसा नाही. तर पैशाचाच हिशेब मांडू.

अंगणवाडीच्या नव्या इमारतीसाठी केंद्राच्या सूचनांनुसार 12 लाख रुपये धरले जात होते. त्यांत आठ लाख मनरेगातून, दोन लाख वित्त आयोगाच्या निधीतून आणि दोन लाख महिला व बालविकास खात्याकडून. इमारत हवीच, पत्र्याखाली बसणाऱ्या मुलांना छप्पर हवेच. पण दुसरा हिशेबही ऐका. 2025-26 मध्ये कर्नाटकात मनरेगाची मजुरी दिवसाला 370 रुपये ठरली. त्या दराने महिन्याचे 26 दिवस दोन बायकांनी मुले सांभाळली तर महिन्याला 19 हजार 240 रुपये लागतात, वर्षाला 2 लाख 30 हजार 880. पाच वर्षांचे होतात 11 लाख 54 हजार 400. एका इमारतीच्या किमतीत दोन बायकांची पाच वर्षांची मजुरी भागते आणि वर काही हजार शिल्लक राहतात. मूल मांडीवर वाढते, भिंतीवर नाही. तुम्ही भिंतीला पैसा देता आणि मांडीला नाकारता, कारण भिंतीचे मोजमाप पुस्तकात लिहिता येते, तिच्यावर कोनशिला बसवता येते आणि तिच्यासमोर फोटो काढता येतो.

यात एक खरी अडचण आहे, ती मी लपवत नाही. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेला 40 टक्के मोकळा, पण तोही पगार व आस्थापनेवर खर्च करायला मनाई. म्हणजे दिल्लीनेच भिंतीला मोकळे सोडले आणि हातांना अडवले. हा दोष दिल्लीचा आहे आणि तो तिच्या पदरात घालायलाच हवा. पण घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार कर, गाळ्यांचे भाडे हे तुमचे स्वतःचे उत्पन्न आहे. दिल्लीची ही अट त्याला लागत नाही. दरवर्षी त्यातून स्वागत कमानी उभ्या राहतात, सत्कार होतात. आईच्या अनुपस्थितीत मुलाला भरवणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी त्यातली किती रक्कम धरली, एवढेच सांगा.

शेजारी काय आहे तेही पाहा. कोगनोळीचा नाका ओलांडला की कागल तालुका. तिथल्या ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असा महाराष्ट्राचा नियम आहे. तो पैसा शिलाई यंत्रांत संपतो अशा तक्रारी तिथेही होतात. पण तक्रार करायला तिथे टक्का तरी आहे. आपल्याकडे नगरसंस्थांच्या अंदाजपत्रकात अनुसूचित जाती-जमातींसाठी 24.10 टक्के, इतर गरिबांसाठी 7.25 टक्के आणि दिव्यांगांसाठी पाच टक्के राखून ठेवायचे असतात. ते योग्यच आहे, त्यातला एक पैसाही कमी होता कामा नये. मात्र तान्ह्या मुलाच्या नावाने वेगळा टक्का नाही. ज्याला मत नाही आणि ज्याला बोलताही येत नाही, त्याला अंदाजपत्रकात जागा नाही.

राज्य सरकारने एक पाऊल टाकले, त्याचे श्रेय द्यायला हवे. 2023-24 च्या अर्थसंकल्पात चार हजार ग्रामपंचायतींत 'कूसिन मने' ही पाळणाघरे उघडण्याची घोषणा झाली. सहा महिने ते तीन वर्षांची मुले, गावातल्याच प्रशिक्षित बायका, मजुरी मनरेगातून. कल्पना चांगली. मूळ मनरेगातही कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आली तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमून पूर्ण मजुरी द्यायची तरतूद होतीच. पण कुटुंबाला वर्षात शंभर दिवसांचीच हमी होती, त्यामुळे सांभाळणाऱ्या बायका आळीपाळीने बदलाव्या लागत. वर्षाच्या मुलाला एका चेहऱ्याची ओळख पटते न पटते तोच दुसरा चेहरा येई. शिवाय मनरेगाची मजुरी महिनोन् महिने थकत असे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आता तर डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात मजुरीच्या खर्चाचा 40 टक्के वाटा राज्याच्या अंगावर आला आहे. दिल्ली आणि बेंगळूर यांच्यात वाट्यावरून ओढाताण झाली तर पहिली झळ पाळणाघराला बसणार, कारण तिथल्या बायका कायम नोकरीत नाहीत आणि मोर्चा काढायला त्यांना सवड नाही. त्या वेळी स्वतःच्या तिजोरीतून तीन महिने पाळणाघर चालवण्याची तजवीज तुमच्यापैकी किती पंचायतींनी केली आहे?

केंद्राची 'पाळणा' योजनाही आहे. जुनी राष्ट्रीय पाळणाघर योजना 2022 पासून 'मिशन शक्ती'त आली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचे ठरले. देशभरात 17 हजार अशी केंद्रे उघडायचे उद्दिष्ट होते. देशात अंगणवाड्या सुमारे 14 लाख. म्हणजे शंभरातल्या एकीला, फार तर दुसरीला पाळणाघर. ती एक अंगणवाडी आपली असावी म्हणून प्रस्ताव कुणी पाठवायचा? गावाची गरज मांडणारा कागद तुमच्या कार्यालयातून निघायला हवा. तो निघाला का, हे विचारायला तुमच्याकडे आलेल्या बाईला तुम्ही पुढच्या सोमवारी यायला सांगता.

राजकारणाचा आडोसाही तुम्हाला घेऊ देणार नाही. राज्याच्या महिला व बालकल्याण खात्याचे मंत्रिपद या जिल्ह्याने थोड्या वर्षांत दोनदा पाहिले. 2019 ते 2021 या काळात निपाणीच्या आमदार शशिकला जोल्ले यांच्याकडे हे खाते होते. मे 2023 मध्ये बेळगाव ग्रामीणच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांच्याकडे ते आले. खाते जिल्ह्यात आले की निधी आणि आदर्श योजना जिल्ह्यात येतात, असे आपण रस्त्यांच्या बाबतीत नेहमी ऐकतो. मग निपाणीच्या विडी वस्त्यांसाठी आणि बेळगावच्या विणकर गल्ल्यांसाठी वेगळा प्रस्ताव घेऊन तुम्ही त्यांच्या दारात किती वेळा गेलात? मंत्र्यांच्या स्वागताला तुमचे हार वेळेवर पोचतात, मागणीचा कागद पोचत नाही.

जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायतींची मुदत 2021 मध्ये संपली. त्यानंतर चार वर्षे उलटली तरी निवडणूक झाली नव्हती. ज्या सभागृहात जिल्ह्याच्या बालकल्याणाचा पैसा चर्चेला यायचा, ते सभागृह रिकामे आणि कारभार प्रशासकांकडे. सुवर्ण विधानसौध 2012 मध्ये बेळगावात उभी राहिली, तिथे हिवाळ्यात अधिवेशन भरते, आणि अंगणवाडीच्या बायका मागण्या घेऊन बाहेर उन्हात बसतात. आमदारांसाठी गाद्या, त्यांच्यासाठी फुटपाथ. हा फरक ज्यांना दिसतो आणि तरी ज्यांच्या आराखड्यात काही बदलत नाही, ते निष्काळजी आहेत असे म्हणणेही सौम्य ठरेल.

सीमावादाचे नाव घेऊन मूल टांगणीला लावणेही आता पुरे. 1956 पासून हा वाद आहे, 2004 पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्राने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना आपली आरोग्य योजना लागू केली. कर्नाटकानेही इथे आपली सत्ता दाखवण्यात कसूर ठेवली नाही. दोन्ही राज्यांना इथला माणूस हवा असतो, पण त्याचे तान्हे मूल सांभाळण्याची चढाओढ दोघांतही लागलेली नाही. मराठी घरातली आई आणि कन्नड घरातली आई एकाच वखारीत, एकाच फडात राबतात. दोघींची मुले एकाच झोळीत वाढतात. त्या मुलांच्या पाळणाघराला कुठल्याही राज्याचा झेंडा नको, वेळेवर उघडणारे दार हवे.

भाषेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. राज्य पुनर्रचनेबरोबर घटनेत 350 अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्यास ते सांगते. पण त्याआधीच्या वयाबद्दल ते बोलत नाही. मूल पहिले शब्द शिकते ते नेमके त्याच वयात, आणि ज्याच्या कडेवर ते असते त्याच्याकडून शिकते. म्हणून मराठी वस्तीतल्या पाळणाघरात मराठी बोलणारी बाई असावी आणि कन्नड वस्तीत कन्नड. ती बाई शेजारच्याच घरात आहे. वॉर्डसभेची सूचनाही दोन्ही भाषांत लावा. जी सूचना आईला वाचता येत नाही ती सूचना लावलीच नाही असे आम्ही धरतो.

आणखी दोन उत्तरे तुमच्या खिशात तयार असतात. एक, घरी आजी असते. विडी वळणाऱ्या घरात आजीही विड्या वळते, तिच्याही हजारावर घर चालते. दोन, लोकांची मागणीच येत नाही. मागणी करण्यासाठी दिवस बुडवून पंचायतीत यावे लागते, आणि दिवस बुडवणे परवडले असते तर पाळणाघराची गरजच पडली नसती.

जगात याहून वेगळे वागणारी शहरे आहेत. जर्मनीत 1 ऑगस्ट 2013 पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि ती जागा देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आहे. लाइपझिग शहरातल्या तीन मातांना वेळेवर जागा मिळाली नाही, कामावर परतणे लांबले. त्यांनी बुडालेल्या पगारासाठी शहरावरच दावा लावला. ऑक्टोबर 2016 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले की दोष प्रशासनाचा असेल तर अशी भरपाई मागता येते. तोच न्याय इथे लावला आणि विडीच्या बाईने मुलापायी न वळलेल्या हजारांचे बिल तुमच्या कार्यालयात आणून ठेवले, तर तुमची तिजोरी एका वर्षात रिकामी होईल. ती बिल आणत नाही. तिच्या त्या गप्प बसण्यावर तुमचा आराखडा दरवर्षी मंजूर होतो.

आता मागण्या. त्या मोजक्या आहेत आणि सगळ्या तुमच्या अधिकारातल्या आहेत.

1. वॉर्डवार यादी करा. तीन वर्षांखालची मुले किती, आईचे काम कोणते, तिच्या कामाच्या वेळा कोणत्या. मुलांची नावे अंगणवाडीच्या नोंदवहीत आहेत, नव्याने पाहणी काढून वर्ष घालवू नका.

2. स्वतःच्या उत्पन्नातला ठरावीक टक्का पाळणाघराच्या आवर्ती खर्चासाठी ठराव करून बांधून घ्या. त्यात मजुरी, दूध, इंधन, औषधे यांचा समावेश असावा. हा पैसा बांधकामाकडे वळवता येणार नाही असे ठरावातच लिहा.

3. पाळणाघराची वेळ आईच्या कामाच्या वेळेवरून ठरवा. उसाच्या हंगामात ती पहाटे उघडू द्या.

4. सांभाळणाऱ्या बायका निदान वर्षभर त्याच राहतील अशी व्यवस्था करा. राज्याकडून मजुरी थकली तर तीन महिने पंचायत ती देईल असा राखीव निधी ठेवा.

5. निपाणी नगरसभेने आणि बेळगाव महापालिकेने विडी व विणकर वस्त्यांत भाड्याची का होईना, पण हवेशीर खोली घेऊन पाळणाघरे सुरू करावीत. त्यासाठी लेखाशीर्ष उघडायला एक सभा पुरते.

6. केलेल्या खर्चाचा हिशेब दर सहा महिन्यांनी वॉर्डसभेत मराठी आणि कन्नडमध्ये वाचून दाखवा.

हे तुम्ही करणार नसाल तर निदान आराखड्याच्या पहिल्या पानावर स्वच्छ लिहा की या गावातली तीन वर्षांखालची मुले आमच्या नियोजनात नाहीत. सही करा, शिक्का मारा. जे वागणुकीत आहे ते कागदावर यायला तुमची हरकत नसावी.

शेवटचे चार शब्द वाचकांना. कायद्याप्रमाणे वॉर्डसभा सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. ती कधी आहे याची चौकशी करा आणि जा. आईला कामामुळे जाता येत नसेल तर तिच्या वतीने बापाने, काकाने, शेजाऱ्याने जावे, मूल काही तिच्या एकटीचे नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 13 डिसेंबर 2006 चा आदेश सोबत न्या. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी लागते. वस्तीतली मुले मोजा, नावे लिहा, अर्ज करा, पोच घ्या. आणि आराखडा मंजुरीला आला की उभे राहून एकच विचारा: यात आमच्या तान्ह्या मुलांसाठी किती रुपये आहेत? उत्तर आकड्यात आले नाही तर त्या आराखड्यासाठी हात वर करू नका, आणि तुमचा विरोध इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय सभेतून उठू नका.

निपाणी परिसरातील एक घरपट्टी भरणारा नागरिक